गावरान विनोदी सिनेमे अजून का चालतात? धंदा करणाऱ्यानं याचा विचार करायलाच पाहिजे



चॅनेलवर एक प्रश्न सारखा येतो. "सर, तुम्ही मार्केटिंग शिकवता की सिनेमा? दर दोन-तीन व्हिडिओमागं दादा कोंडके, नाहीतर मकरंद अनासपुरे काढता. मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणं द्या ना." व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी माझं मत सरळ सांगतो. ज्याला भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड, बदनापूर अशा ठिकाणी राहून छोटा धंदा उभा करायचाय, त्यानं परदेशातल्या कंपन्यांच्या गोष्टी वाचाव्यात, पण त्याआधी आपल्या जुन्या गावरान विनोदी सिनेमांकडं नीट बघावं. कारण त्या कंपन्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे, आणि या सिनेमांचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या दुकानात येणारा माणूस. तोच माणूस, तीच बोली, तेच घर. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला ओळखलं, त्याला आवडेल असा माल बनवला, आणि तो माल अजून खपतोय. धंद्यात यापेक्षा मोठी गोष्ट कुठली?

'सोंगाड्या' १९७१ साली आला. तेव्हा आपला जालना जिल्हासुद्धा नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला, त्याआधी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे जिल्ह्यापेक्षा सिनेमाचं वय जास्त! आणि आज विशीतली पोरं मोबाईलवर दादांचे सीन बघून हसतात. त्यांच्या आई-बापाचंही तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

दोन उत्तरं, जी मला पटत नाहीत

हे सिनेमे अजून का चालतात असं विचारलं की लोक दोन उत्तरं देतात.

पहिलं, "जुन्या आठवणी हो सर!" आता मला सांगा, ज्या पोरानं बैलगाडीतून जाऊन तंबूतला सिनेमा कधी बघितलाच नाही, त्याला कसली आठवण? आठवण त्याच्या आजोबाला असेल. नातवाला फक्त हसू येतं. म्हणजे मालातच काहीतरी आहे.

दुसरं, "डबल मीनिंग! त्यानं चालले." हे उत्तर देणारे लोक एक गोष्ट विसरतात. चावट संवाद टाकलेले सिनेमे नंतर ढिगानं आले, त्यातल्या दहांची नावं तुम्हाला आठवतात का? नाही आठवत. मग चावटपणा हे टिकण्याचं कारण कसं होईल? तो फोडणीतला तिखटपणा झाला. नुसतं तिखट कुणी ताटात वाढून खात नाही, खाली भाकरी आणि भाजी लागते. आपण आज त्या भाकरीबद्दल बोलू.

आधी हजार प्रयोग, मग सिनेमा

दादा कोंडके मुंबईत नायगावच्या गिरणगावात वाढले. मूळ गाव पुणे जिल्ह्यात भोरकडचं. सुरुवातीला बँड, सेवादलाचं कलापथक आणि पोटासाठी 'अपना बाजार'मध्ये नोकरी. म्हणजे माणूस काउंटरच्या अलीकडं उभा राहिलेला होता! गिऱ्हाईक काय बोलतं, कशावर हसतं, कशावर चिडतं, हे त्यानं रोज पाहिलेलं.

मग वसंत सबनीसांनी लिहिलेलं वगनाट्य आलं, 'विच्छा माझी पुरी करा'. त्याचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. पुढं भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त (१९६९) त्यांना काम मिळालं. त्या चित्रपटाला मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्यानंतर, १९७१ ला, स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या'. लेखक परत तेच, सबनीस. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं.

आता हा क्रम नीट बघा. आपल्याकडं काय होतं? डोक्यात कल्पना येते, दुसऱ्या दिवशी बँकेत फाईल, तिसऱ्या महिन्यात मशीन, चौथ्या महिन्यात उद्घाटन, फेटे, फोटो. आणि आठव्या महिन्यात फोन येतो, "सर, माल उठेना." अरे बाबा, तुझा माल उद्घाटनाआधी किती लोकांनी चाखला होता? घरच्यांनी आणि मेहुण्यानं?

वगनाट्याची गंमत अशी की समोरचा प्रेक्षक लगेच निकाल देतो. विनोद फसला तर मंडपात शांतता. आज जो संवाद पडला, तो उद्याच्या प्रयोगात बदलता येतो. हसू आलं की नाही हे कळायला कुठला सर्व्हे लागत नाही. असे हजारावर प्रयोग ज्यानं केले, त्याला 'सोंगाड्या'त पैसे घालताना माहीत होतं की लोक नेमके कुठं हसणार. धोका होताच, पण आंधळा नव्हता.

तुमचा हजारावा प्रयोग राहू द्या, पहिले पन्नास तरी करा. लोणचं असेल तर पन्नास घरांत वाटीभर द्या आणि आठ दिवसांनी रिकामी वाटी आणायला स्वतः जा. वाटी देताना बाई काय बोलते ते वहीत लिहा. "छान होतं" म्हणाली तर समजा पडलं. "अजून आहे का?" म्हणाली तर समजा चाललं.

रौप्यमहोत्सवाचं गणित

दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, हे आपल्याला पाठ असतं. पण रौप्यमहोत्सव म्हणजे काय, याचा हिशोब कुणी करत नाही. चला, करू.

रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात सलग २५ आठवडे. दिवसाला तीन खेळ धरले तर आठवड्याचे २१, आणि २५ आठवड्यांचे ५२५. एकाच शहरात, एकाच पडद्यावर, ५२५ वेळा तोच सिनेमा. आता सांगा, प्रत्येक माणसानं एकदाच बघितला असता तर एवढे दिवस लोक पुरले असते का? नाही. बघितलेला माणूस परत आला, आणि येताना घरच्याला, पाव्हण्याला घेऊन आला.

धंद्याचा सगळा जीव इथं आहे मित्रांनो. पहिल्यांदा गिऱ्हाईक बोर्ड बघून, जाहिरात बघून, ओळखीनं, कशानंही येतं. दुसऱ्यांदा ते फक्त मालासाठी येतं. तिसऱ्यांदा ते दुसऱ्याला घेऊन येतं. तुमच्या वहीत किती गिऱ्हाईक नवीन आलं याचा आकडा असतो. किती परत आलं याचा रकाना आहे का? नसेल तर आजच आखा.

बोली गावची, पण माल एक नंबरचा

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

दादांचा पडद्यावरचा वेश आठवा. ढगळी हाफ पँट, खाली लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा. तोंडी "आये" अशी हाक. शहरातल्या कुणालाही वाटावं, हे काय गबाळं! पण त्या हाफ पँटवाल्याच्या तोंडी गाणं आलं की आवाज कुणाचा? महेंद्र कपूरचा. अमृतसरमध्ये जन्मलेला, हिंदी सिनेमातला पहिल्या फळीचा गायक. सोबत उषा मंगेशकर. समोर उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला. 'पांडू हवालदार' (१९७५) पासून संगीतकार राम-लक्ष्मण. यातल्या लक्ष्मण यांनीच पुढं राम-लक्ष्मण याच नावानं 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'हम आपके हैं कौन' (१९९४) ला संगीत दिलं. अख्ख्या देशानं ती गाणी गायली. त्याच 'पांडू हवालदार'मधून अशोक सराफ लोकांच्या नजरेत भरले.

म्हणजे दादांनी काय केलं? भाषा, वेश, गोष्ट गावातली ठेवली. पण कच्चा माल आणि माणसं निवडताना "गावातलंच आहे, चालतंय" असं केलं नाही.

आपण बरोब्बर उलटं करतो. माल "चालतंय" असा आणि बोलणं मात्र एकदम पुणेरी!

आमच्या वर्गात एक ताई येतात. येसर आणि काळा मसाला करतात. येसर म्हणजे काय हे भोकरदनच्या माणसाला सांगायला नको, लग्नाच्या पंगतीतली येसरची आमटी आठवली तरी पुरे. ताईंचा माल एक नंबर. पण व्हिडिओ काढायची वेळ आली की ताई एकदम बदलायच्या. "नमस्कार, आम्ही घेऊन आलो आहोत पारंपरिक चवीचा…" असं कागदावरून वाचायच्या. चेहरा कडक, आवाज परका. मी म्हटलं, "ताई, शेजारणीला सांगता तसं सांगा ना." तर त्या म्हणाल्या, "सर, आपलं बोलणं गावंढळ वाटतं. लोक हसतील."

लोक हसतील! या एका भीतीपायी आपल्या भागातली किती हुशार माणसं गप्प बसलीत, याचा हिशोब कोण करणार? शाळेत बोलीवर हसले, कॉलेजात हसले, औरंगाबादला नोकरीला गेला तर तिथंही हसले. मग माणूस धंदा सुरू करतो आणि पहिलं काम काय करतो, तर स्वतःची जीभ लपवतो. "काहून" म्हणायचं असतं, "का बरं" म्हणतो. आणि समोरचं गिऱ्हाईक, जे घरी "काहून"च म्हणतं, ते मनात म्हणतं, हा कुणी बाहेरचा दिसतोय, जरा जपून.

मी ताईंना एवढंच सांगितलं, कागद बाजूला ठेवा आणि तुमच्या सासूबाई येसर करताना काय काय बोलायच्या ते सांगा. मग ताई दहा मिनिटं थांबल्या नाहीत. डाळ कशी भाजायची, कुठं जास्त झाली की कडू लागतं, सासूबाई वासावरून कसं ओळखायच्या, सगळं आपल्या बोलीत. मधेच स्वतःच हसल्या. आता लोक त्यांच्या व्हिडिओखाली भाव विचारतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेले आपल्याच भागातले लोक तर जास्त विचारतात. माणूस गाव सोडतो, पण जिभेवरची चव आणि कानातली बोली सोबत नेतो.

मात्र अर्धा धडा घेऊन पळू नका. बोली गावची ठेवली म्हणून पाकीट फाटकं, वजन कमी आणि तारीख नाही, असं चालणार नाही. तुमचा महेंद्र कपूर कोण आहे ते ठरवा. मसाल्यात तो म्हणजे तुमची मिरची. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार आपल्या तालुक्यात आहे, तिथं हिरव्या मिरचीसाठी बाहेरचे व्यापारी येऊन खरेदी करतात. पिकाची पारख शिकायची शाळा दारात असताना स्वस्तातली बिनओळखीची पूड बाहेरून आणून आपलं नाव खराब करू नका.

हसायचं कुणावर आणि कुणासोबत

आता कुटुंबाकडं येऊ. हे सिनेमे घराघरांत का पोचले?

नीट बघितलं तर या गोष्टींमधला नायक भोळा असतो, पण मूर्ख नसतो. 'सोंगाड्या'तला नाम्या बघा. साधा, आईच्या धाकातला, तमाशाचं वेड लागलेला. आपण त्याच्या फजितीवर हसतो, पण त्याचा अपमान झाला की आपल्याला लागतो. कारण तो आपल्या घरातला आहे. आणि हसण्याचा खरा रोख कुणावर असतो? गावच्या बड्या धेंडावर, लबाड पुढाऱ्यावर, वर्दीच्या तोऱ्यावर.

ही परंपरा दादांच्या आधीची आहे. 'गाढवाचं लग्न' हे हरिभाऊ वडगावकरांचं वगनाट्य, त्यातला सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी अजरामर केला. सावळ्या कोण? मडकी करणारा कारागीर, म्हणजे आजच्या भाषेत छोटा उद्योजकच की! बायको गंगीसोबत त्याची जी जुगलबंदी चालते, ती कुठल्याही दुकानाच्या मागच्या खोलीत रोज चालते. २००७ ला याच गोष्टीवर सिनेमा आला, मकरंद अनासपुरे सावळ्या झाले, आणि नव्या पिढीनंही तो डोक्यावर घेतला.

त्याच वर्षीचा 'जाऊ तिथे खाऊ' घ्या. विहीर कागदावर खोदलेली, जागेवर काहीच नाही. मग तक्रार काय, तर विहीर चोरीला गेली! योजनेच्या फाईलसाठी कार्यालयात चकरा मारलेला आपल्याकडचा कुठलाही माणूस हे बघून खळखळून हसतो आणि मग जरा गप्प होतो. 'वळू' (२००८) मध्ये एक मोकाट बैल पकडायला वनखात्याचा माणूस येतो आणि त्या निमित्तानं गावातली सगळी राजकारणं उघडी पडतात. 'दे धक्का' (२००८) ची मूळ कल्पना 'लिटल मिस सनशाइन' या अमेरिकन चित्रपटातली, पण आपल्याकडं आली ती आजोबा, लेकरं, भांडणं आणि सारखा धक्का मागणारी गाडी घेऊन. सगळं घर खाली उतरून ढकलतं तेव्हा ती चालते. ज्यांचा घरगुती उद्योग आहे त्यांना यातलं काहीही समजावून सांगायला नको.

उलटा प्रवासही झालाय. दादांचा 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) तब्बल अठ्ठावीस वर्षांनी हिंदीत गेला, गोविंदाचा 'जिस देश में गंगा रहता है' (२०००). भोळ्या पोराची गोष्ट तिकडंही लागू पडली.

आता हे आजच्या रीलशी ताडून बघा. गावाकडच्या विनोदाच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी काय चालतं? धोतरवाला म्हातारा दाखवायचा, त्याला मोबाईल वापरता येत नाही, लिफ्टमध्ये घाबरतो, इंग्रजी शब्द चुकीचा बोलतो, आणि आपण हसायचं. इथं गावच्या माणसावर हसणं आहे. जुन्या सिनेमात गावच्या माणसासोबत हसणं होतं. फरक बारीक वाटतो, पण त्यानंच एक गोष्ट पन्नास वर्षं टिकते आणि दुसरी आठवड्यात विसरली जाते.

दुकानाच्या जाहिरातीत विनोद करताना हीच कसोटी लावा. तुमच्या विनोदात हसं कुणाचं होतंय? गिऱ्हाईकाचं होत असेल तर काढून टाका. स्वतःचं होत असेल, महागाईचं, लाईट जाण्याचं, उधारी बुडवून तोंड लपवणाऱ्या वृत्तीचं होत असेल, तर बिनधास्त ठेवा.

जे उचलायचं नाही, तेही सांगतो

मी दादांचा चाहता आहे, भक्त नाही. त्या काळातल्या कितीतरी विनोदांत बाईचं शरीर हाच विनोदाचा विषय होता. कधी कुणाच्या रंगावर, कधी जाडीवर, कधी तोतरेपणावर हसू काढलं जायचं. सेन्सॉरशी दादांची भांडणं गाजली, आणि त्यातली काही चलाखी खरोखर भारी होती. पण तेव्हाही अनेक घरांत वडीलधाऱ्यांसमोर हे सिनेमे बघायची सोय नव्हती, हे खरं आहे. आज तर तुमच्या दुकानातली निम्म्याहून जास्त खरेदी कोण ठरवतं? घरची बाई. किराणा तिचा, कपडे तिचे, लेकरांची वह्या-पुस्तकं तिची. तिला अवघडल्यासारखं होईल असा एक विनोद तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तर ती भांडायला येणार नाही. ती गुपचूप दुसऱ्या दुकानात जाईल, आणि तुम्हाला कळणारही नाही गिऱ्हाईक कशानं तुटलं.

म्हणून माझं मत असं की दादांकडून निरीक्षण घ्या, बोली घ्या, चिकाटी घ्या. चावटपणा त्यांच्याकडंच राहू द्या. तो त्यांना जमला, तुम्हाला महागात पडेल.

चांगला मालसुद्धा फळीवर यावा लागतो

'सोंगाड्या'ची अजून एक गोष्ट उद्योजकानं लक्षात ठेवावी. सिनेमा तयार होता, पण दादरच्या कोहिनूर थिएटरनं ठरलेली जागा देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला द्यायचं ठरवलं. शेवटी दादा बाळासाहेब ठाकरेंकडं गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

यातल्या राजकारणावर ज्याचं त्याचं मत असेल, मला त्यात शिरायचं नाही. मला दिसतो तो व्यापारातला प्रश्न. माल चांगला असून उपयोग नाही, तो लोकांसमोर ठेवायची जागा दुसऱ्याच्या हातात असते. मोठ्या ब्रँडचा माल दुकानदार समोरच्या फळीवर लावतो, तुमच्या शेवया खाली पोत्यामागं. तेव्हा रडत बसायचं की तुमच्यासाठी उभी राहतील अशी माणसं जोडायची? दादांच्या मागं माणसं उभी राहिली. तुमच्यामागं बचत गट आहे का? गावातला तरुण मंडळाचा ग्रुप आहे का? दहा गिऱ्हाईकं अशी आहेत का, जी दुकानात जाऊन विचारतील, "अमक्या ताईंचा मसाला ठेवत नाही का हो तुम्ही?" दहा जणांनी विचारलं की दुकानदार अकराव्या दिवशी स्वतः फोन करतो. आणि राजूरच्या गणपतीला अंगारकीला एवढी गर्दी लोटते, तिथं जागा मिळवून आपला माल चाखायला ठेवणं हा तर आपल्या हातातला उपाय आहे.

क्लिप उचलू नका, कायदा माहीत करून घ्या

एक धोक्याची सूचना. बरेच जण जुन्या सिनेमाचा तुकडा उचलतात, त्याखाली स्वतःच्या दुकानाचं नाव टाकतात आणि जाहिरात फिरवतात. "जुना सिनेमा आहे सर, कोण विचारतंय?" असं नसतं. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे १९७१ चा 'सोंगाड्या'सुद्धा २०३१ संपेपर्यंत संरक्षित आहे. गाण्याचे हक्क आणखी वेगळे. धंद्याच्या जाहिरातीत परवानगीशिवाय वापरलं तर व्हिडिओ उडू शकतो, चॅनेल जाऊ शकतं, नोटीस येऊ शकते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या विनोदावर आपलं दुकान किती दिवस चालणार? लोक दादांना बघून हसतील आणि पुढं सरकतील, तुमचं नाव लक्षात राहणार नाही. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, तुमच्या आठवडी बाजारात रोज दहा विनोदी प्रसंग घडतात. ते तुमचे आहेत. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

भोकरदनच्या माणसानं लाजायचं काय कारण?

शेवटी आपल्या गावाबद्दल. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातलं नांदतं व्यापारी गाव, केळणा नदीच्या काठावरचं. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत या गावचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे इथली माणसं तेव्हा एवढ्या लांब जाऊन दान देण्याइतकी ऐपतवान होती. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, आणि इटलीतल्या पाँपेई या गाडल्या गेलेल्या शहरात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी नोंदवलंय. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या कारागिराची कला समुद्रापलीकडं पोचत होती, आणि आपण आज जालन्याच्या दुकानदाराशी बोलताना आपली बोली लपवतो!

मला असं वाटतं की गावरान विनोदी सिनेमांनी आपल्यावर एक मोठा उपकार केलाय. त्यांनी हाफ पँटवाल्या, नाडी लोंबणाऱ्या, "आये" म्हणणाऱ्या पोराला गोष्टीचा नायक केलं आणि मुंबईच्या थिएटरबाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावून दाखवली. आपल्यासारखा माणूस पडद्याच्या मधोमध उभा राहू शकतो, हे लाखो लोकांनी बघितलं. मग तो दुकानाच्या गल्ल्यावर, मशीनच्या मागं, कॅमेऱ्याच्या समोर ताठ मानेनं का उभा राहू शकणार नाही?

या आठवड्यात तीन कामं करा.

पहिलं, असा एक जुना सिनेमा घरच्यांसोबत बसून बघा, पण पडद्याकडं कमी आणि घरच्यांकडं जास्त बघा. आई कुठं हसते, बाप कुठं हसतो, पोरं कुठं हसतात, ते लिहून ठेवा. तीन पिढ्या जिथं एकत्र हसल्या, तिथं तुमचं गिऱ्हाईक लपलेलं आहे.

दुसरं, वहीत 'परत आलेलं गिऱ्हाईक' असा रकाना आखा आणि महिनाभर रोज भरा.

तिसरं, तुमच्या मालाबद्दल एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. कागद नाही, "घेऊन आलो आहोत" नाही. मावशीला फोनवर सांगता तसं सांगा. पहिल्यांदा कुणी हसलंच तर हसू द्या. दादांना तर लोकांनी हसावं म्हणून हजार प्रयोग करावे लागले होते!

व्हिडिओ झाला की मला पाठवा, निवडक व्हिडिओंवर पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत माल चोख ठेवा, वजन पुरं द्या, आणि आपल्या बोलीत बोला.

राम राम!